महीच्या वाळूतील वाघ

वसईहून बडोद्यास जाणारा पाहुणा बहुधा लक्ष्मीविलास राजवाडा व कमाटीबाग पाहून परततो. आम्हीही तसेच परतलो असतो. परंतु आमच्या बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा आम्हांस एका संध्याकाळी सिंधरोटजवळ महीच्या काठी घेऊन गेला. "मामा, तुम्हांला वाघ दाखवतो," असे त्याचे आश्वासन होते!

वाघ निघाला बोटाच्या पेराहूनही लहान. ओल्या वाळूवर तो सरसर धावे, थबके, पुन्हा धावे. ह्या भुंगेऱ्यास इंग्रजीत टायगर बीटल म्हणतात. धावण्याच्या भरात त्यास भक्ष्य नीट दिसेनासे होते, म्हणून तो थांबून पुन्हा नेम धरतो. ऑस्ट्रेलियातील एका जातीचा वेग ताशी ९ किलोमीटर भरला आहे. भारतातील ह्या कुळावर १९१२ साली ग्रंथ लिहिणारे कॅनन फाउलर हे अँग्लिकन धर्मोपदेशक होते. प्रवचने सांभाळून भुंगेरे मोजण्यास त्यांना वेळ कसा मिळे, कोण जाणे!

अंधार पडल्यावर आमच्या बॅटरीच्या उजेडात तसेच आणखी काही भुंगेरे येऊन पडले. दिवसा शिकार करणाऱ्या कित्येक जाती रात्री दिव्याकडे ओढल्या जातात. खरे निशाचर दक्षिण अमेरिकेत पुष्कळ. हेन्री बेट्स १८४८ पासून ११ वर्षे ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. तेथील रेताड किनाऱ्यांवर रात्री धावणाऱ्या, वाळूच्याच रंगाच्या भुंगेऱ्याची त्याने नोंद केली आहे.

भाच्याने मग काठावरील घट्ट मातीत एक गोल छिद्र दाखविले. आत अळी असते. आपल्या डोक्यानेच ती बिळाचे तोंड बंद करून बसते आणि जवळून जाणारी मुंगी झडप घालून आत ओढते. पाठीवरील आकड्यांनी ती बिळाच्या भिंतीस घट्ट धरून राहते. मुलाने गवताची काडी आत सोडली, काडी हलली. आम्हांस राहवेना. चाकूने बीळ उकरले, आणि चाकू अळीवरच लागला.

मुलगा काही बोलला नाही. त्याने माती परत लोटली. पलीकडे वाळू भरण्यास ट्रॅक्टर येत होता. तो धावत त्याच्यासमोर गेला आणि उरलेल्या छिद्रांकडे हात करून म्हणाला, "काका, इथून नको."

ट्रॅक्टरवाला हसला, पण त्याने चाक वळविले.