भरिताचं भाषण

पदवीप्रदान समारंभात बोलायला प्राचार्यांनी बोलावलं आणि विषयही देऊन टाकला : यशाची स्वतःची व्याख्या. मी त्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. माझ्या १९८४च्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव आहे, जळगावचं विद्यापीठ १९९० साली झालं. आताच्या मुलांच्या पदवीवर कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव असतं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिच्या नावाचा शिक्का मिळवण्यासाठी आमची पोरं तीन-तीन वर्षं घासतात. जळगावात राहून याची मौज वाटेनाशी होते.

भाषणाचा पहिला खर्डा सोपा गेला. वाकोदच्या उद्योगपती भवरलाल जैनांनी चालून आलेली सरकारी नोकरी नाकारली आणि १९६३ मध्ये हातगाडीवर रॉकेल विकायला सुरुवात केली, हे आमच्याकडच्या प्रत्येक वक्त्याला पाठ असतं. मग बहिणाबाई. तिथे मात्र अडलो. त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ला, आणि गाण्यांचं पुस्तक आलं १९५२ मध्ये. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवलीच नसती तर? असोद्याची माहेरवाशीण, तरुणपणी विधवा झालेली, शेतात राबलेली आणखी एक बाई, एवढंच उरलं असतं. म्हणजे आपण ‘स्वतःची व्याख्या’ म्हणतो खरं, पण उदाहरणं देतो ती जगाने आधीच पास केलेल्यांची. खर्डा बाजूला ठेवला आणि तात्यांवर लिहिलं.

तात्या म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्याकडे राहिलो. लग्नाकार्यात आणि शेतातल्या पार्ट्यांना भरीत करून द्यायचं, हा त्यांचा धंदा. बामणोदची मोठी हिरवी वांगी ते स्वतः निवडून आणत. प्रत्येकाला सुईने टोचे मारायचे, कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा आणि वांगी त्यात टाकून उकिडवं बसायचं. साल करपली तरी ते हलायचे नाहीत. देठाजवळ अंगठ्याने दाबून बघायचे. तिथे वांगं मऊ लागलं, तरच बाहेर. मग मिरची-लसणाबरोबर लाकडी मुसळीने ठेचण्याचा तो धप्प-धप्प आवाज, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. पंगत बसली की तात्या कोपऱ्यात उभे. कुणी दुसऱ्यांदा भरीत मागितलं की त्यांचा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरके. पैशांचा हिशेब ते कधी नीट ठेवत नसत, हा मात्र चुकत नसे.

दिवसाला एकच ऑर्डर. एका कॅटररने भागीदारी देऊ केली होती. “वाढोला त वांगे कोन भाजीन?” एवढं म्हणून तात्या बिडी पेटवायला गेले.

भाषणात हे सांगितलं. ‘भरीत’ शब्दाला पोरं हसली, मी थांबलो. मग सांगितलं, की शेवटच्या वर्षी एप्रिलमध्ये एका विषयात माझी दांडी उडाली. शिक्षण सोडून गावी निघालो होतो. तात्यांनी हातावर नोटा ठेवल्या आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला पाठवलं. भरिताच्या पैशांवर मी पदवीधर झालो, असं म्हणालो आणि टाळ्या आल्या. खोटं का बोला, मलाही बरं वाटलं.

खाली उतरल्यावर गाऊन घातलेली एक मुलगी आली. “सर, तात्यांनी धंदा वाढवला नाही. मग घर कसं चालायचं?”

मी ‘गरजा कमी होत्या’ असं काहीतरी पुटपुटलो. शाल-श्रीफळ घेऊन रिक्षाने पिंप्राळ्याला मावशीकडे निघालो. तात्या जाऊन बारा वर्षं झाली, मावशी आहे. वाटेत त्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना आणि एकदम लख्ख आठवलं. तो फॉर्म मी श्रावणात भरला होता. पावसाने भिजू नये म्हणून नोटा प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या होत्या. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण नाही, वांगं तर घरात येत नाही. आषाढी एकादशीपासून तात्यांची मुसळी खुंटीला. चार महिने एकही ऑर्डर नसायची. मग नोटा कुठल्या?

मावशी दारात लसूण घेऊन बसली होती. शाल तिच्या मांडीवर ठेवली. तिने कापड चिमटीत धरून पाहिलं, नारळ कानाशी हलवला. भाषण कशावर होतं ते सांगितलं. तात्यांचं नाव ऐकून ती हसली. “त्यायले आवडलं असतं.”

“मावशी, तुझ्या त्या पाटल्या होत्या ना गं?”

“होत्या.”

“मग?”

“तीनदा गेल्या. दोनदा आल्या.”

तिसऱ्यांदा कधी गेल्या, हे विचारायला तोंड उघडलं. तिने लसणाचा एक गड्डा माझ्यापुढे सरकवला. “बसला त सोलू लाग.”