घरकाम आणि घरून काम

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा विद्यापीठाच्या मराठी विभागातील त्या प्राध्यापिकेच्या मनात भीतीबरोबर काहीसा दिलासाही होता. लोकलचा प्रवास थांबणार आणि रखडलेला शोधनिबंध पूर्ण होणार, अशी तिची समजूत होती. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडले आणि वूल्सथॉर्पच्या घरी परतलेल्या न्यूटनने तेथे मूलगामी चिंतन केले, ही कथा त्या दिवसांत वारंवार सांगितली जाई. न्यूटन तेव्हा नुकताच पदवीधर झालेला, अविवाहित तरुण होता, हा तपशील मात्र त्या कथेतून सहसा गळत असे.

प्रत्यक्षात दोन खोल्यांच्या घरात सासूबाईंचे पथ्यपाणी, मुलाची ऑनलाइन शाळा आणि एम.ए.चा वर्ग एकाच वेळी सुरू होत. मिसळणाच्या डब्याला मोबाइल टेकवून ती शिकवी. पडद्यावर चेहरे नसत, नुसती नावे असत. एक विद्यार्थिनी रेंजसाठी गावाबाहेरच्या टेकडीवर जाई. दुसरा भावाचा फोन मोकळा होण्याची वाट पाही. साहजिकच व्याख्याने ध्वनिमुद्रित करून रात्री पाठवणे आले, अवेळी शंकानिरसन करणे आले. ती घरात दिसते म्हणून घरच्यांना मोकळी वाटे. ती घरीच आहे म्हणून विभागालाही मोकळी वाटे. 'घरकाम' आणि 'घरून काम' यांतील अंतर एका प्रत्ययापुरतेच उरले.

"आई, तू आत्ता घरी आहेस की विद्यापीठात?" मुलाने एकदा विचारले. तिला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर रात्री आठनंतर फोन न घेण्याचा नियम तिने केला. चौथ्याच दिवशी साडेनऊला टेकडीवरच्या त्या मुलीचा फोन आला. तिचे वडील रुग्णालयात होते. प्राध्यापिकेने तो घेतला आणि तासभर ऐकत राहिली. नियम मोडल्याची खंत तिला वाटली नाही. परंतु नियम होता म्हणूनच त्या तासाचे मोल तिला कळले.

समतोल हा शब्द तराजूचा आहे. तराजूला दोन पारडी लागतात आणि ती निराळी असावी लागतात. वाया जातो म्हणून जिला तिने वर्षानुवर्षे बोल लावला, त्या लोकलच्या प्रवासातच ती सूनही नसे आणि शिक्षिकाही नसे. ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरू लागले. शोधनिबंध अपुराच होता. पहिल्या दिवशी लोकलमध्ये तिने तो पिशवीतून काढला नाही. खिडकीबाहेर पाहत ती नुसती बसून राहिली.