शत्रूच्या हाती काय द्यायचं?

परभणीत खताची गोणी घ्यायला गेलात तरी आधार मागतात, पीकविम्याच्या अर्जाला त्याची झेरॉक्स लागतेच. असे क्रमांक साठवणारं सॉफ्टवेअर लिहिणारी पोरं मला हमखास विचारतात, "सर, आम्ही नंबर ठेवतच नाही, एसएचए-२५६ हॅश ठेवतो. मग सुरक्षितच ना?"

कूटशास्त्रातल्या सिद्धता लिहिणं हा माझा धंदा, आणि माझं उत्तर नाही असं असतं. हॅशवरून, म्हणजे मजकुरापासून काढलेल्या ठरावीक लांबीच्या ठशावरून, मूळ मजकूर काढणं अवघड, हे गृहीतक अजून कुणी मोडलेलं नाही. पण ते अंदाज बांधता येणार नाही अशा मजकुराबद्दल आहे. आधार बारा अंकी. पहिला अंक ० किंवा १ नसतो, शेवटचा आधीच्या अकरांवरून ठरतो. उरले ८,००० कोटी. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला सगळे हॅश काढून जुळवायला काही मिनिटं पुष्कळ झाली.

गुप्त किल्ली मिसळून हॅश काढा, किल्ली दुसऱ्या यंत्रात ठेवा, असं मी सांगतो. लगेच पुढचा प्रश्न येतो: दोन्ही यंत्रांवर हात असलेला माणूस शत्रूत धरायचा का? धरला, तर हीही योजना पडते. माझा निम्मा वेळ या भांडणातच जातो. सिद्धता त्यामानानं लवकर उरकते.

गोल्डवासर आणि मिकाली या संगणकशास्त्रज्ञांनी १९८२ साली शत्रूला भलतंच उदार दान दिलं. दोन मजकूर त्यानंच निवडायचे, आपण त्यातला एक कूटबद्ध करायचा. कोणता, हे त्याला छापा-काट्यापेक्षा बरं ओळखता येऊ नये. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड, यावर उभी असलेली साधी आरएसए पद्धत इथं पहिल्याच फेरीत गारद होते. मजकूर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढाच असेल, तर जाहीर किल्लीनं दोन्ही कूटबद्ध करून ताडून पाहिले की झालं. अवयव पाडायची गरजच पडत नाही! म्हणून दर वेळी यादृच्छिकता मिसळावी लागते.

गृहीतकांची गोष्ट वेगळी. आरएसएच्या आव्हानांतली ८२९ बिटांची संख्या फुटायला २०२० साल उजाडावं लागलं, म्हणून २,०४८ बिटांवर मी अजून विसंबतो. क्वांटम संगणक तीही फोडेल, ही धास्ती आहेच. त्याच धास्तीपोटी पुढं आलेली ‘साइक’ योजना २०२२ साली एका प्रोसेसर कोअरवर तासाभरात मोडली. तिच्या सिद्धतेत चूक नव्हती, पायाखालचं गृहीतकच गेलं. तेव्हापासून एखाद्या निबंधात सिद्धता बसावी म्हणून बेतलेलं नवंकोरं गृहीतक दिसलं, की मी पुढची पानं उलटण्याआधी ते मोडून पाहायला बसतो.