अन्नाच्या दाराने

मिनामाता स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कारखान्याचं फाटक दिसतं. जपानच्या क्युशू बेटावरचं हे छोटं शहर ज्या चिस्सो कंपनीमुळे जगाला ठाऊक झालं, तिचाच हा कारखाना. पाटी आता दुसऱ्या नावाची, पण काम चालू आहे.

समुद्र मात्र देखणा. शिरानुई समुद्राला चहूकडून जमिनीचा आणि बेटांचा आडोसा, त्यामुळे लाटा जवळपास नाहीतच. या संथपणानेच घात केला. १९३२ ते १९६८ या काळात असिटाल्डिहाइड बनवताना वापरलेला पारा सांडपाण्यातून बाहेर पडत राहिला आणि त्याचं मिथिल पारा हे घातक रूप शिंपल्यांत, माशांत साठत गेलं. मांजरं वेड्यासारखी नाचून पडू लागली. माणसांतल्या आजाराची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ रोजी. १९५९ साली कारखान्याच्याच इस्पितळातल्या डॉ. होसोकावा यांनी एका मांजराच्या खाण्यात तिथलं सांडपाणी कालवलं. त्यालाही तोच आजार जडला. कंपनीने तो प्रयोग दडपला. पारा वापरणारं उत्पादनतंत्र आणखी नऊ वर्षं चालू होतं!

टेकडीवरच्या संग्रहालयातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या डोक्यात घोळत होती ती नाळेची गोष्ट. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत तिचा तुकडा वाळवून लाकडी डबीत जन्मभर जपतात. डॉ. हारादा मासाझुमी यांनी गावकऱ्यांकडून असे तुकडे मागून घेतले आणि ते तपासले गेले. कारखान्याचं उत्पादन ज्या वर्षांत वाढलं, त्या वर्षांतल्या नाळांमध्ये पाराही वाढलेला. घराघरांतल्या डब्यांत पुरावा पडून होता.

आईच्या अंगातलं विष वार अडवते, असं तेव्हाचं वैद्यक मानत होतं. इथे तर आई बऱ्यापैकी धडधाकट, आणि ज्याने मासळीचा घासही खाल्ला नव्हता ते बाळ जन्मतःच पंगू.

विष वार ओलांडतं ते पेशीच्या पटलावर. मेदाच्या दोन थरांचं हे पटल मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतं, तरी विद्युतभार असलेल्या धातूला ते सहजी आत घेत नाही. साधा पारा पटलातल्या प्रथिनांच्या गंधकाला चिकटतो. मग पाणी आत-बाहेर नेणाऱ्या वाटा तुंबतात, सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडू लागतो. हा झाला उघड हल्ला. मिथिल पारा बहुरूप्यासारखा येतो. सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाशी तो जोडी जमवतो, आणि ती जोडी दिसते मेथिओनिनसारखी. मेथिओनिन शरीराला हवंच असतं. त्याला आत घ्यायला पटलात खास वाहक प्रथिन असतं. ते या जोडीलाही आत घेतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत हे वाहक आहे, वारेतही आहे. बाळाला पोसायचं म्हणून वार अमिनो आम्लं हौसेने पुढे पाठवते. त्यांच्याबरोबर पाराही गेला, आणि बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्ताहून अधिक साठला. कंपनीवर चिडता येतं, चिडावंच. त्या वाहक प्रथिनावर कसं चिडायचं?

१९७७ ते १९९० या काळात खाडीतला गाळ उपसून काठालगत भराव घातला. त्या अठ्ठावन्न हेक्टरांवर आज गुलाबाची बाग आहे, खेळाची मैदानं आहेत आणि पाण्याच्या कडेला रुग्णांनी व इतरांनी घडवलेल्या लहान दगडी बुद्धमूर्ती. पायाखाली पारा तसाच आहे. खाडीतली मासे अडवणारी जाळी १९९७ साली काढली. दुपारी मी शिरासू-भात खाल्ला. बारीक, पांढरेशुभ्र मासे, किंचित खारट. पहिला घास घेताना हात अडखळला, दुसरा सहज गेला.

गर्भात किंवा लहानपणी ज्यांच्या अंगात पारा गेला ती मुलं आता साठी-सत्तरीत आहेत. आपल्याला रुग्ण म्हणून मान्यता मिळावी, यासाठी त्यांच्यातले काही जण अजून कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत.