लिहू नका, विचारा!

हातातलं काम जरा बाजूला ठेवा! मला तुम्हाला आत्ताच्या आत्ता काहीतरी सांगायचंय, उद्यापर्यंत दम निघणार नाही. मजकूर मिळवायला लिहावं लागत नाही! अगदी खरं सांगते, लागत नाही!

मला बोलायला आवडतं, लिहायला नाही. आणि आमच्या सोसायटीच्या पत्रकासाठी दर महिन्याला दोन पानं भरायचं काम माझ्याकडे आलंय! दोन पानं! कागद समोर घेतला की मला एकदम घरातली सगळी कामं आठवायची.

आणि मग परवा फोनवर निरोप टाइप करताना कळफलकावरच्या त्या छोट्याशा माइकवर बोट पडलं, आणि मी स्वतःशीच म्हणाले, "अरे, हे काय नवीन?" आणि तेच शब्द पडद्यावर उमटले! देवनागरीत! काना-मात्रेसकट! मी पुन्हा बोलले. पुन्हा उमटले! भाजीची यादी सांगितली, तीही उमटली! आणि ही सोय नवीनही नाही हो, गूगलने 2017 मध्येच मराठीसह आठ भारतीय भाषांसाठी आणलेली! इतकी वर्षं ती माझ्या बोटाखाली होती! आवाजाची अक्षरं कशी होतात ते मला विचारू नका, मला त्यातलं काही कळत नाही. पण होतात!

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे.

माइक सापडला, आता बोलायचं काय? मग मी फोन घेऊन गेले शेजारच्या काकूंकडे. काकू दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालतात. म्हटलं, "काकू, तुमच्या कुरडयांबद्दल पत्रकात छापू का? सांगाल?" काकू म्हणाल्या, "त्यात काय सांगायचं? सगळे करतात तशाच." संपलं! एक ओळ! आणि मग सहज तोंडातून गेलं, "पण काकू, चीक शिजला हे कसं कळायचं हो?"

आणि काकू सुटल्या! "अगं, रंग बघायचा. आधी पांढराफटक असतो, मग हळूहळू काचेसारखा दिसायला लागतो. ओल्या बोटाने टोचून बघ, बोटाला चिकटला नाही की उतरव. आणि गरम गरमच सोऱ्यात भर, गार झाला की कुरडई तुटते." आणि मग गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं, आणि मग ते वाटून चीक गाळायचा, आणि मग तो रात्रभर ठेवून वरचं पाणी सकाळी अलगद ओतून टाकायचं, आणि मग कावळे राखायला गच्चीवर कोणत्या नातवाला बसवायचं आणि त्याला लाच म्हणून गरम चीक तूप-साखर घालून वाटीत कसा द्यायचा, सगळं आलं! फोनमध्ये पान भरलं होतं! मी एक अक्षर लिहिलं नव्हतं!

पाहिलंत ना? "कुरडयांबद्दल सांगा" म्हटलं की एक ओळ, आणि "कसं कळायचं?" विचारलं की अख्खं पान!

घरी येताना जिन्यातच एकेक आठवायला लागलं. विनोबांची 'गीता प्रवचने'! 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी एकेका अध्यायावर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. बोलणारे एक, लिहिणारे दुसरे! बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हतं! त्या गात, घरातली मुलं टिपून ठेवत, आणि अत्र्यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये पुस्तक आलं. आणि म्हाइंभट! तेराव्या शतकात हा माणूस चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन विचारत राहिला, आणि त्यातून 'लीळाचरित्र' उभं राहिलं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, आणि तो विचारून विचारून झालाय! पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! मी साहित्याची अभ्यासक नाही, पण एवढं तर मलाही दिसतं: मजकूर माणसांच्या तोंडी असतो, कुणीतरी जाऊन विचारायला हवं!

आता तुम्हीही करा. आजच! फोनच्या सेटिंगमध्ये कळफलकाची भाषा मराठी करा, माइक दाबा, फोन मध्ये ठेवा. अधूनमधून तो ऐकायचा थांबतो, पुन्हा दाबा. माझ्या फोनवर पूर्णविराम येत नाहीत, सगळं एका दमात येतं, तेव्हा घरी येऊन वाक्यं तोडायची. हे काम मला चक्क आवडतं! कारण कोरं पान समोर नसतं, काकू समोर असतात! "अगं", "हो की नाही" हे शब्द मात्र काढू नका, त्यांतच सगळा जीव आहे. आधी परवानगी घ्या आणि छापण्यापूर्वी ज्यांचं त्यांना वाचून दाखवा. काकूंनी ऐकता ऐकता मला थांबवलं आणि म्हणाल्या, "हिंग राहिला गं!" आणि मग हिंगाची आणखी एक गोष्ट मिळाली!

आणि सुचेनासं झालं तर तोच प्रश्न. शिंप्याला विचारा, कापड धुतल्यावर आटणार हे कसं कळायचं? फळवाल्याला विचारा, कलिंगड आतून लाल आहे हे वरून कसं कळायचं? आजोबांना विचारा, पाऊस आज येणार हे कसं कळायचं? मी उद्याच कल्हईवाल्यांना गाठणार आहे. नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, हे ठाऊक आहे मला, पण भांडं पुरेसं तापलं हे त्यांना कसं कळतं? कसं कळतं?

बोला, तुम्ही कुणाकडे निघालात? लवकर ठरवा आणि मलाही सांगा, कारण मी आत्ताच पत्रकाच्या संपादकांना निरोप पाठवलाय, अर्थात बोलून, की दोन पानं पुरणार नाहीत, चार द्या!