रेडिएटर कूल, तर अप्पा कूल!

क्लासिक कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चकाचक क्रोम, पांढऱ्या पट्ट्याचे टायर आणि रविवारच्या रॅलीत हॅट घालून हात हलवणारे एखादे काका. रेडिएटर? छे! तो बिचारा ग्रिलच्या मागे तोंड लपवून बसलेला. त्याच्यासोबत कुणी फोटो काढत नाही. पण मे महिन्यात, भर दुपारी, लातूर ते शिरूर अनंतपाळ हा रस्ता एकदा जुन्या फियाटमधून करून बघा. मग त्या गाडीतला सगळ्यात हॅण्डसम पार्ट कुठला, ते आपोआप कळतं!

आमच्या अप्पांकडे १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळची इटालियन फियाट ११००, इंजिन १०८९ सीसीचं, नाव मात्र चितोडच्या राणीचं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा माझ्या ऑफिसमधल्या निम्म्या लोकांनी हळवं होऊन स्टेटस टाकले. मी अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "मुंबईची उतरली असंल. आपली बाजारला गेलती सकाळी."

तर आमच्याकडे ही गाडी शोपीस नाही, रोजच्या वापरातली आहे. आणि खरा प्रश्न तिथेच होता. आईला मधुमेहामुळे डोळ्यांच्या उपचारांसाठी दर पंधरा दिवसांनी लातूरला न्यावं लागतं. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही. नवी गाडी घेऊन देतो म्हटलं तर अप्पांचं उत्तर ठरलेलं, "ती बंद पडली की लॅपटॉपवाला बोलवावा लागतोय." गेल्या उन्हाळ्यात पद्मिनीनं वाटेत वाफ सोडली. आई डोळ्यांत औषध घातलेल्या अवस्थेत पाऊण तास बाभळीच्या सावलीत (म्हणजे जवळपास उन्हातच) बसून होती. त्या रात्री ताईनं फोनवर फर्मान काढलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत गाडी तरी नीट करा, नाहीतर ती विका. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मग मी आठ दिवसांची रजा टाकून गावी गेलो.

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. गाडी गरम होते म्हणजे रेडिएटर खराब, असं सरसकट नसतं. आधी ती कधी गरम होते ते बघायचं. सिग्नलला, गर्दीत, हळू चालताना काटा चढत असेल तर संशय फॅनवर. फॅन बेल्ट ढिला असतो किंवा हवा पुरेशी खेचली जात नसते. मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या स्पीडला काटा चढत असेल, तर पाणी नीट फिरत नाहीय, म्हणजे जाळी तुंबली असण्याची शक्यता जास्त. आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसायला लागलं असेल तर रेडिएटरला दोष देऊच नका. हेड गॅस्केट बघा, लवकर. उजेडला दर जानेवारीत महात्मा गांधींच्या नावाची यात्रा भरते. तिथल्या गर्दीत आमची पद्मिनी मुंगीच्या वेगानं चालूनही शांत राहिली होती. लातूर रस्त्याला लागली की मात्र तापायची. निदान निम्मं तिथेच झालं.

लातूरचे रेडिएटरवाले चाचा. दुकान म्हणजे एक पत्रा, एक हौद आणि कथलाचा वास. त्यांनी वरच्या टाकीचा डाग वितळवून ती उघडली आणि मला म्हणाले, "बघा, तुमच्या गीझरमधी असतो ना, तसा." अगदी तसंच! बारीक नळ्यांच्या तोंडाशी पांढरा, दगडासारखा चुना. कितीतरी नळ्या आरपार बंद.

हा चुना येतो पाण्यातून. आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकात मुरलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमनं भरलेलं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरी सोय नसेल तर ६००. माणसाला चालणारं हे पाणी रेडिएटरला चालतंच असं नाही. कारण ते तिथे रोज तापतं, उडतं, आपण पुन्हा भरतो, आणि दर वेळी थोडा चुना मागे राहतो. चाळीस वर्षं!

त्यात २०१६ आठवतं? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या रेडिएटरला बारीक गळती होती. रोज जवळपास लिटरभर पाणी लागायचं. टँकरच्या रांगेत उभी राहून आलेली आई म्हणाली होती, "माणसाला नाही आन् गाडीला पाजायलाव?" अप्पांनी गाडी जूनपर्यंत झाकून ठेवली. त्यांनी तिला असं झाकलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. म्हणून गळका रेडिएटर हा आमच्या भागात नुसता मेकॅनिकचा विषय नसतो.

आता मुख्य मुद्दा, निवड. पर्याय तीन. एक, नवा कोरा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बनवून घ्यायचा. दोन, एखाद्या नव्या छोट्या गाडीचा रेडिएटर ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवायचा, म्हणजे शुद्ध जुगाड. तीन, जुन्या पितळी टाक्या तशाच ठेवून मधली जाळी तेवढी नवी तांब्याची घालायची.

मी अर्थातच अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूनं होतो. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे शाळेत शिकलोय आपण, पण रेडिएटरमध्ये गंमत वेगळी आहे. तांब्या-पितळेच्या जाळीत नळी आणि पंखा (ती पातळ नागमोडी पट्टी, फिन) कथलानं जोडलेले असतात, आणि कथील उष्णता नेण्यात तसं सुस्तच. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, जोडही वेगळा असतो. त्यामुळे चांगला अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर जुन्याच्या तोडीस तोड, कधी सरसही ठरतो. वजनही बरंच कमी. मी हे सगळं चाचांना ऐकवलं.

चाचांनी शांतपणे विचारलं, "शिरूरला फुटला तर कोन जोडनार?"

आणि केस तिथेच क्लोज झाली. अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग लागतं. प्लॅस्टिकच्या टाकीला तडा गेला तर ती बदलायचीच. तांब्या-पितळेला मात्र शेगडी, नवसागर, कथील आणि एक जाणता हात पुरतो. वर त्यांच्याकडे जाळी साफ करायची पद्धत कॉस्टिक सोड्याची. त्यात अ‍ॅल्युमिनियम टाकलं तर ते चक्क विरघळायला लागतं. ज्या गावात गाडी राहते, तिथला कारागीर जे दुरुस्त करू शकतो ते निवडा, हे लॉजिक मला कुठल्याच ब्रोशरमध्ये वाचायला मिळालं नव्हतं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांचा निर्णय वेगळा असू शकतो, आणि तो चूक ठरेल असं नाही. जुगाडाबद्दल मात्र माझं मत स्वच्छ वाईट आहे. पाईपची तोंडं जुळत नाहीत, फॅनपासूनचं अंतर बदलतं आणि दर दोन महिन्यांनी नवीन क्लिप!

जाळी तांब्याची ठरली, तरी ती कशी घ्यायची हा प्रश्न होताच. मला वाटलं, जास्त रांगी म्हणजे जास्त थंडावा. चार रांगींची घालू. चूक! जाडजूड जाळीतून हवा खेचण्याइतका जुन्या इंजिनचा फॅन दणकट नसतो. फिन फार दाट घेतली तर अजून एक लोकल व्हिलन आहे, सोयाबीन. ऑक्टोबरात आमच्याकडे मळणीचं भुस्कट हवेत उडत असतं आणि ते थेट जाळीत जाऊन बसतं. म्हणून मूळ मापाची, मध्यम विरळ फिनची जाळी. जोडून झाल्यावर चाचांनी तोंडं बंद करून आत हवा भरली आणि ती हौदात बुडवली. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं! एका कोपऱ्यातून दोन बुडबुडे आले, तिथे पुन्हा डाग.

झाकणाचंही सांगतो, कारण इथे लोक हमखास फसतात. रेडिएटरचं झाकण आतला दाब धरून ठेवतं, आणि दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. एका पीएसआयला साधारण दीड अंश. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, म्हणजे उघडं पाणी तिथे ९८ च्या आसपासच उकळतं. त्यामुळे झाकणाचं रबर शाबूत हवंच. पण म्हणून नव्या गाडीचं पंधरा पीएसआयचं झाकण लावू नका! जुने कथलाचे जोड तेवढा दाब सोसत नाहीत. गाडीसाठी सांगितलेल्या दाबाचंच घ्या.

आणि थर्मोस्टॅट. आपल्याकडे मेकॅनिकची फेव्हरेट ट्रिक म्हणजे तो काढून फेकणं. इंजिन थंड राहतं खरं, पण जास्तच थंड राहतं, पेट्रोल पितं आणि झिजतं. आमचाही कुणीतरी कधीच काढलेला होता. नवा आणला आणि आईच्या चहाच्या पातेल्यात दोऱ्याला टांगून उकळून बघितला. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं तसा टुकूटुकू उघडला. आईनं ते पातेलं पुन्हा चहाला वापरलं नाही.

आता आत काय भरायचं? बोअरचं पाणी अजिबात नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. शिरूरला बर्फ पडत नाही हे मान्य. कूलंट हवं ते त्यातल्या गंजरोधक रसायनांसाठी. तांब्या-पितळेच्या जुन्या गाड्यांना साधं हिरवं, जुन्या पद्धतीचं बरं. बाटलीवर वाचून खात्री करा, दोन प्रकार एकात एक मिसळू नका, आणि दोन वर्षांनी बदला. काढलेलं कूलंट अंगणात ओतायचं नाही. ते गोडसर आणि विषारी असतं, आणि आमच्या अंगणात शेळ्या असतात.

बाकी मेन्टेनन्स अप्पांचा. गार इंजिनवरच झाकण उघडायचं आणि पातळी बघायची. मळणीनंतर इंजिनाच्या बाजूनं पाण्याचा हलका फवारा मारून भुस्कट पुढच्या बाजूला काढायचं. पाईप हातानं दाबून बघायचे. कडक किंवा लिबलिबीत लागले की बदलायचे. हे सगळं ते कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवतात.

यंदाच्या मेमध्ये आई-अप्पा लातूरला तीनदा जाऊन आले. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही. ताईनं फर्मान मागे घेतलंय, पण तोंडी. लेखी मागितलं तर देत नाही. चाचांनी जुनी जाळी आठवण म्हणून बांधून दिली होती. अप्पांना ती हॉलमध्ये लावायची होती. आईनं तांब्याचा भाव विचारला, भंगारवाल्याला ती देऊन टाकली आणि आलेल्या पैशांतून चहाचं नवीन पातेलं आणलं.