पोहरादेवीचा नांगारा

तुमच्या गावात संग्रहालय आहे का? आमच्या शेलूबाजारात नाही. आठवडी बाजार आहे, आता जवळून समृद्धी महामार्गही जातो. पण असं काही पाहायचं तर थेट नागपूरचा अजब बंगला गाठायचा. तो १८६३ सालचा! म्हणून ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच वाशिम जिल्ह्यात, पोहरादेवीला, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं तेव्हा मी भाच्याला कबूल करून बसलो. मंगरूळपीर, मानोरा करत एकदाचे पोचलो.

इमारत नांगाऱ्याच्या आकाराची. नांगारा म्हणजे बंजारा समाजाचा मोठा नगारा. आत चार मजले, तेरा दालनं. संत सेवालाल महाराज, समाजातले नेते, चळवळी. रेल्वे येण्याआधी हीच माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. त्याला 'लदेणी' म्हणत.

पण भाचा भलतीकडेच बघत होता. शेजारी एक आजी उभी होती. अंगात फेट्या, काचळी, डोक्यावर टुकरी. सगळीकडे आरसे, कवड्या, रंगीत टाके. मी त्याला कोपरानं ढोसलं, कारण मला सहावीतलं आठवलं. माझ्या बाकावरच्या मित्राची आई अशाच पोशाखात शाळेत आली होती. मुलं हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी तो वेगळ्या बाकावर बसला, आणि मी विचारलंसुद्धा नाही.

"काय पाहून राह्यला बाबू?" आजीनं विचारलं.

"हे आरसे कोणी लावले?"

"म्याच! दुसरं कोन? ह्या कवड्या मातर माह्या मायच्या."

"किती दिवस लागले?"

आजी खुदकन हसली. "दिवस? दोन वर्सं लागले. दिवसा मजुरी, रातच्याले टाके. हात लावून पाय नं, इथं काच थोडीच हाये!"

भाच्यानं हात लावला. मग मीही लावला. टाके इतके बारीक, की बोटाला कापड लागतच नव्हतं.

परतीच्या एस.टी.त मी त्या मित्राला फोन केला. आईचा तो फेट्या आहे का, विचारलं. तो जरा वेळ गप्प राहिला. "बहिणीनं नेला," म्हणाला, आणि सोयाबीनच्या भावाचं बोलू लागला. जे बोलायचं होतं ते राहिलंच. येत्या बाजाराला भेटू म्हणालाय.